चार वर्षांचे अठरा महिने होतात कसे? फुटबॉलमधल्या डोपिंग बंदीचं गणित

युव्हेंटसचा फ्रेंच मिडफिल्डर पॉल पोग्बा याच्यावरची डोपिंगची चार वर्षांची बंदी अठरा महिन्यांवर आली तेव्हा 'मोठा खेळाडू, महागडे वकील' म्हणून बहुतेकांनी विषय मिटवला. वकील महागडे असतीलही. पण अठरा हा आकडा घासाघीस करून निघालेला नव्हता. गेल्या दहा-बारा वर्षांत फुटबॉलमधल्या डोपिंगच्या शिक्षेचे नियम इतके बदललेत की 'सापडला का' हा प्रश्न लवकर सुटतो. 'सापडल्यावर काय सिद्ध करता आलं' यावर खेळाडूचे महिने ठरतात. आणि सिद्ध करायचं तर औषधाची बाटली लागते, बॅच नंबर लागतो, तारखेसकट प्रिस्क्रिप्शन लागतं. आपल्याकडच्या क्लबांच्या, अकादम्यांच्या आणि खेळाडूंच्या घरच्यांच्या हे अजून अंगवळणी पडलेलं नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी पोग्बाचं गणित. २० ऑगस्ट २०२३ ला उदिनेसे-युव्हेंटस सामन्यानंतर त्याचा नमुना घेतला. त्या सामन्यात तो मैदानात उतरलाही नव्हता, राखीव बाकावर बसून होता. बाकावरच्या खेळाडूलाही चाचणीला बोलावता येतं, हे अनेकांना तेव्हा कळलं. नमुन्यात बाहेरून आलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या खुणा होत्या. टेस्टोस्टेरॉन तर प्रत्येकाच्या शरीरात असतं, मग बाहेरचं कसं ओळखतात? कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण तपासून. वनस्पतींपासून कारखान्यात बनवलेल्या संप्रेरकात ते शरीरातल्यापेक्षा वेगळं येतं. पोग्बाच्या बाबतीत मूळ पदार्थ होता डीएचईए, म्हणजे शरीरात ज्याचं टेस्टोस्टेरॉन बनतं ते संप्रेरक, आणि तो आला होता फ्लोरिडातल्या एका डॉक्टरने दिलेल्या सप्लिमेंटमधून.

इटलीच्या लवादाने २९ फेब्रुवारी २०२४ ला चार वर्षं दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने, म्हणजे 'कास'ने, ती अठरा महिन्यांवर आणली. 'वाडा' म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्था, तिच्या संहितेत ही उतरंड अशी आहे. डीएचईए ॲनाबॉलिक गटातलं, 'नॉन-स्पेसिफाइड'. अशा पदार्थाला सुरुवात थेट चार वर्षांपासून होते. मुद्दाम घेतलं नाही हे खेळाडूने सिद्ध केलं की ती दोन वर्षांवर येते. त्यापुढे आपली चूक फार मोठी नव्हती हेही पटवून दिलं, तर दोन वर्षांतली जास्तीत जास्त अर्धी कापता येतात. म्हणजे उरतात बारा ते चोवीस महिने. कासने मधला आकडा घेतला. चूक मुद्दाम नव्हती हे मान्य केलं, पण या दर्जाच्या व्यावसायिक खेळाडूने जास्त काळजी घ्यायला हवी होती हेही ऐकवलं. अगदी निर्दोष ठरला असता तर शून्य झालं असतं, पण ती पायरी गाठणं जवळपास अशक्य. डॉक्टरने दिलं, घरच्यांनी दिलं, मित्राने दिलं, या सबबींवर शून्य मिळत नाही. कोणावर विश्वास ठेवायचा हे खेळाडूनेच ठरवलेलं असतं, असं संहितेचं म्हणणं.

आता दुसरा गट, 'स्पेसिफाइड'. नाव ऐकून हे कमी घातक पदार्थ असावेत असं वाटतं, पण तसं नाही. जे पदार्थ औषध म्हणून सहज पोटात जाऊ शकतात ते या यादीत येतात: लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, दम्याची औषधं, सर्दीच्या गोळ्यांमधली उत्तेजकं, स्टिरॉइडची इंजेक्शनं, मॉर्फीनसारखी वेदनाशामकं. इथे सुरुवात दोन वर्षांपासून. खेळाडूने मुद्दाम घेतलं हे सिद्ध करायची जबाबदारी उलट संघटनेवर. आणि चूक हलकी ठरली तर शिक्षा नुसत्या ताकिदीपासून दोन वर्षांपर्यंत कितीही असू शकते.

आयाक्सचा गोलरक्षक आंद्रे ओनाना याचं प्रकरण याच गटातलं. ३० ऑक्टोबर २०२० च्या नमुन्यात फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, सापडलं. बरं वाटत नव्हतं म्हणून गोळी घेतली, ती चुकून बायकोची निघाली, हे युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, मान्य केलं आणि तरीही फेब्रुवारी २०२१ पासून बारा महिने दिले. कासने त्याचे नऊ केले. अर्जेंटिनाच्या विश्वविजेत्या संघातला पापू गोमेझही याच गटात सापडला, टर्ब्युटालिन या दम्याच्या औषधामुळे. मुलाचं खोकल्याचं औषध घेतलं असं त्याचं म्हणणं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला दोन वर्षं झाली, एक दिवसही कमी नाही. म्हणजे 'घरातलं दुसऱ्याचं औषध' ही एकच सबब, आणि निकाल नऊ महिने ते चोवीस महिने. निव्वळ खरं बोलून भागत नाही, ते कसं मांडलं जातं आणि सोबत पुरावा काय जोडला जातो यावर सगळं अवलंबून असतं.

हा फरक पूर्वी इतका नव्हता. वाडा १९९९ मध्ये स्थापन झाली; २००४ मध्ये लागू झालेल्या तिच्या पहिल्या संहितेत सरसकट दोन वर्षांची बंदी हेच सूत्र होतं, आणि त्यावर सर्वात जास्त नाक मुरडलं ते फिफानेच. प्रत्येक प्रकरण वेगळं पाहिलं पाहिजे, हा फिफाचा हेका. त्यावर कासचं मत मागवण्यापर्यंत गोष्ट गेली होती; ते मत २००६ मध्ये आलं. २०१५ च्या संहितेने मुद्दाम केलेल्या डोपिंगची शिक्षा दोनाची चार वर्षं केली, पण त्याचबरोबर चूक किती हे मोजायची पट्टी बारीक केली. २०२१ च्या संहितेने कोकेन, गांजा वगैरेंसाठी वेगळी वाट काढली आणि सोळा वर्षांखालच्या व काही अटींवर अठरा वर्षांखालच्या खेळाडूंसाठी शिक्षेची पट्टी ताकीद ते दोन वर्षं अशी सैल केली. पुढची संहिता १ जानेवारी २०२७ पासून येते आहे.

आता चाचणीच्या खोलीत जाऊ, कारण वकिलाला पुढे लागणारा अर्धा पुरावा तिथेच तयार होतो किंवा कायमचा हुकतो.

सामना संपला की शॅपरॉन, म्हणजे खेळाडूवर नजर ठेवणारा चाचणी पथकातला माणूस, खेळाडूसमोर येऊन नोटिशीवर सही घेतो. त्या क्षणापासून नमुना सीलबंद होईपर्यंत खेळाडू त्याच्या नजरेआड जाऊ शकत नाही. बक्षीस समारंभ, मुलाखत, दुखापतीवर उपचार, हे सगळं करता येतं, पण शॅपरॉन सोबत हवा. खोलीत गेल्यावर सीलबंद भांड्यांतलं एक खेळाडू स्वतः निवडतो. मग डीसीओच्या, म्हणजे चाचणी अधिकाऱ्याच्या समोर, शर्ट छातीपर्यंत वर आणि चड्डी गुडघ्यापर्यंत खाली घेऊन लघवी द्यायची. लाज वाटते, पण नियमच तसा आहे. आडोसा दिला तर नमुना बदलायला वाव राहतो.

किमान ९० मिली लागते. बाटल्यांचा संच खेळाडूने निवडायचा, सील आणि नंबर स्वतः तपासायचे. आधी 'बी' बाटलीत ३० मिली ओतायची, मग 'ए' बाटलीत किमान ६०. भांड्यात थोडी शिल्लक ठेवायची, तिच्यावर घनता मोजतात. रिफ्रॅक्टोमीटरवर १.००५ किंवा जास्त आली पाहिजे. १५० मिली किंवा जास्त लघवी दिली असेल तर १.००३ चालते. गोची इथेच होते. नव्वद मिनिटं घाम गाळलेल्या खेळाडूला लघवी होत नाही, तो घाईघाईने दोन-तीन लिटर पाणी पितो, आणि मग जी होते ती पाण्यासारखी पातळ. घनता कमी भरली की पुन्हा थांबा, पुन्हा नमुना द्या. टीमची बस बाहेर ताटकळते, मॅनेजर वैतागतो. उपाय साधा आहे: घोटघोट प्या, सीलबंद बाटलीतलंच प्या, आणि उगाच पोट भरू नका. नमुना ९० मिलीपेक्षा कमी पडला तर तो तात्पुरता सील करून ठेवतात आणि पुढच्या खेपेला त्यात भर घालतात.

शेवटी फॉर्म. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि सप्लिमेंट्स त्यात लिहायची असतात. थकलेला खेळाडू 'मल्टिव्हिटॅमिन' एवढं खरडून मोकळा होतो. हा कंटाळा फार महाग पडतो. दोन महिन्यांनी 'मी खोकल्याचं औषध घेतलं होतं' असं सांगितलं आणि फॉर्मवर त्याचं नाव नसलं की पॅनेलचा पहिला प्रश्न तयार असतो: मग तेव्हा का नाही लिहिलंत? औषधाचं नाव, मात्रा, शेवटचा डोस कधी, सगळं लिहा. जे लिहिलं ते बंदी असलेलं निघालं तरी लिहिलेलं फायद्याचंच ठरतं, कारण लपवायचं असतं तर कोणी लिहिलं नसतं. फॉर्मची प्रत मिळते. ती क्लबकडे न देता स्वतःजवळ ठेवा, निदान मोबाइलवर फोटो काढा.

आणि काहीही झालं तरी उठून निघून जायचं नाही. इंग्लंडचा बचावपटू रिओ फर्डिनंड २३ सप्टेंबर २००३ ला मँचेस्टर युनायटेडच्या सराव मैदानावरून चाचणी न देता निघून गेला. विसरलो, म्हणाला. आठ महिन्यांची बंदी, ५० हजार पौंड दंड आणि युरो २००४ हुकला. तेव्हा ही शिक्षा कडक वाटली होती. आजच्या संहितेत नोटीस मिळूनही चाचणी टाळली तर चार वर्षं. हेतू नव्हता हे सिद्ध झालं तर दोन. आज तो आठ महिन्यांत सुटला नसता.

नमुना प्रयोगशाळेत गेला, काही सापडलं, पत्र आलं. हे पत्र खेळाडूंना बहुधा ईमेलवर येतं आणि ईमेल बघायची सवय नसते, हा वेगळाच वैताग. पत्र मिळाल्यापासूनचे दिवस मोजून वापरायचे असतात. फेरतपासणीसाठी 'बी' बाटलीतला नमुना उघडायची मागणी करायची की नाही, ते मुदतीत कळवावं लागतं. चार वर्षांचा आरोप असेल आणि आरोपाची नोटीस मिळाल्यापासून वीस दिवसांत तो कबूल करून शिक्षा मान्य केली, तर एक वर्ष आपोआप कमी होतं. ही सवलत २०२१ पासूनची आहे. खरोखर मुद्दाम घेतलं असेल तर लढण्यापेक्षा ही बरी. पण सप्लिमेंटमध्ये भेसळ होती असं ठामपणे वाटत असेल तर ती घाईत घेऊ नये, कारण कबूल केल्यावर बाकीच्या वाटा बंद होतात.

भेसळीचा बचाव करायचा तर नियम असा की लेबलवर न लिहिलेला पदार्थ डब्यात होता हे दाखवावं लागतं. फोडलेल्या डब्याला फारसं वजन नसतं, कारण त्यात नंतर काहीही टाकता येतं. त्याच बॅचचा सीलबंद डबा बाजारातून मिळवून प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो, आणि त्यात सापडलेली मात्रा लघवीतल्या प्रमाणाशी जुळावी लागते. म्हणून सप्लिमेंट घेणाऱ्याने डबा संपल्यावरही रिकामा डबा, बिल आणि बॅच नंबर वर्षभर सांभाळावा. जिममधल्या ओळखीच्या माणसाने चमच्याने मोजून प्लास्टिकच्या पिशवीत दिलेली पावडर असेल तर हा बचाव जन्मालाच येत नाही.

तात्पुरत्या निलंबनातही गटांचा फरक आहे, आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. नॉन-स्पेसिफाइड पदार्थ असेल तर ते सक्तीचं. पोग्बा ११ सप्टेंबर २०२३ ला लगेच बाहेर झाला. चेल्सीचा मिखाइलो मुद्रिक मेल्डोनियममुळे डिसेंबर २०२४ पासून बाहेर गेला आणि इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने (एफए) आरोप ठेवला तो थेट जून २०२५ मध्ये. स्पेसिफाइड असेल तर निलंबन सक्तीचं नाही. ओनाना नमुना दिल्यानंतर तीन महिने खेळतच होता. ऐकायला हे बरं वाटतं, पण शेवटी बंदी होणारच असेल तर ती निकालाच्या दिवसापासून मोजली जाते, आधीचे खेळलेले महिने जमेस धरत नाहीत. हंगाम नसताना पत्र आलं असेल तर स्वतःहून तात्पुरतं निलंबन स्वीकारावं; ते दिवस अंतिम बंदीतून वजा होतात.

आता आपल्याकडचं. भारतात फुटबॉलपटू मुद्दाम स्टिरॉइड घेऊन पकडला जाण्यापेक्षा गल्लीतल्या दवाखान्यात किंवा मेडिकलच्या काउंटरवर अडकण्याची भीती मला जास्त वाटते.

पहिलं, खोकल्याचं औषध. टर्ब्युटालिन, ब्रोमहेक्झिन आणि ग्वायफेनेसिन असं मिश्रण असलेली सिरपं आपल्याकडे सर्रास मिळतात. लेव्होसाल्ब्युटामॉल आणि ॲम्ब्रोक्सॉलची सिरपं तर घराघरात असतात. टर्ब्युटालिनला कुठल्याही रूपात परवानगी नाही. साल्ब्युटामॉल पंपाने घेता येतं, चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कुठल्याही आठ तासांत ६०० पर्यंत. पण तेच औषध सिरपमधून किंवा गोळीतून घेतलं की बंदी, मात्रा कितीही असो. दम्यासाठी घेतलेला पंप चालतो आणि खोकल्यासाठी घेतलेलं दोन चमचे सिरप चालत नाही, हे खेळाडूच्या आईला समजावून सांगणं सोपं नाही. २०१७ मध्ये राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्या मुंबईत घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिनच सापडलं होतं. पुढे त्याच वर्षी तो इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूरकडून खेळला, पण मधले महिने कसे गेले असतील याची कल्पना करा.

दुसरं, सलाईन. 'अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून टाका' हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यात काही चुकीचं आहे हेच कोणाला वाटत नाही. बारा तासांत १०० मिलीपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं ही बंदी असलेली 'पद्धत' आहे. आत नुसतं मीठ-पाणी असलं तरी. शिवाय ही बंदी सामन्यापुरती नाही, बाराही महिने आहे. दवाखान्यातली बाटली असते ५०० मिलीची. सूट फक्त इस्पितळातल्या उपचारासाठी, शस्त्रक्रियेसाठी आणि काही तपासण्यांसाठी. डायरिया होऊन रुग्णालयात भरती झालात तर ठीक. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पण कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे पाऊण तास आडवं पडून बाटली घेतली तर ते बसत नाही. फ्रान्सचा मिडफिल्डर समीर नासरी याची कथा हीच. डिसेंबर २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका ड्रिप देणाऱ्या क्लिनिकमध्ये त्याने ५०० मिली जीवनसत्त्वं घातलेलं पाणी घेतलं, क्लिनिकने उत्साहाच्या भरात त्याचा फोटो सोशल मीडियावर टाकला. नमुना नाही, प्रयोगशाळा नाही, पुरावा म्हणजे फोटो. युएफाने आधी सहा महिने दिले, नंतर त्याचे अठरा केले.

तिसरं, इंजेक्शन. ताप असो, ॲलर्जी असो, पाठ धरलेली असो, डेक्सामिथासोन टोचून देणारे डॉक्टर कमी नाहीत. १ जानेवारी २०२२ पासून स्टिरॉइडचं कुठलंही इंजेक्शन, अगदी गुडघ्यात किंवा घोट्यात दिलेलं सुद्धा, सामन्याच्या काळात बंदीत येतं. त्याआधी सांध्यात दिलेलं चालत असे, त्यामुळे जुन्या फिजिओंच्या डोक्यात अजून तोच नियम आहे. सामन्याचा काळ म्हणजे आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपासून सामना आणि नमुना घेणं संपेपर्यंत. वाडाने औषध शरीरातून जायला लागणारे किमान दिवसही दिले आहेत. दंडात किंवा कमरेत डेक्सामिथासोन, बीटामिथासोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन घेतलं तर ५ दिवस, प्रेडनिसोलोन असेल तर १०, ट्रायमसिनोलोन असेल तर तब्बल ६०. सांध्यात दिलं तर साधारण ३ दिवस, पण ट्रायमसिनोलोन किंवा प्रेडनिसोलोन असेल तर १०. आणि सांध्यात ट्रायमसिनोलोन बरंच वापरलं जातं. आठवड्याला एक सामना असताना दहा दिवस म्हणजे एक, कधी दोन सामने गेले. इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरने वेळापत्रक समोर ठेवलं तरच हे जमतं. कुपीचं नाव आणि कुठे टोचलं हे लिहून घ्या. 'पेनकिलर दिलं' एवढ्या नोंदीवरून पुढे काहीच सिद्ध होत नाही.

औषध खरोखर गरजेचं असेल तर टीयूई, म्हणजे उपचारासाठीची सूट, हा सरळ रस्ता आहे. राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूने नाडाकडे (भारताची राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था), आंतरराष्ट्रीय पातळीवरच्याने आपल्या महासंघाकडे, शक्यतो तीस दिवस आधी अर्ज करायचा. अर्जात निदान, तपासण्यांचे रिपोर्ट आणि बंदी नसलेला पर्याय का चालणार नाही याचं कारण लागतं. डॉक्टरच्या लेटरहेडवर 'दमा आहे' एवढी एक ओळ पुरत नाही; फुप्फुसाच्या चाचणीचे आकडे लागतात. तातडीच्या उपचारात अर्ज नंतरही करता येतो.

मॉर्फीन हेही सामन्याच्या काळातच बंदी असलेलं, स्पेसिफाइड गटातलं. २०२१-२२ ची इंडियन सुपर लीग पूर्णपणे गोव्यात झाली. त्याच हंगामातल्या नमुन्यात मॉर्फीन सापडल्याने मोहन बागानचा बचावपटू आशुतोष मेहता याला दोन वर्षांची बंदी झाली. दोन वर्षं हा आकडा कुठून आला ते वरची उतरंड वाचल्यावर कळेल.

भांगेबद्दल वेगळं बोललं पाहिजे. गांजातल्या टीएचसीची मर्यादा वाडाने २०१३ मध्ये १५ वरून १५० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर अशी दहापट वाढवली. उद्देश हा की सामन्याच्या सुमारास घेणारा पकडला जावा, महिन्यापूर्वी घेणारा नाही. तरीही वरचेवर घेणाऱ्याच्या लघवीत ते कित्येक आठवडे राहतं, आणि होळीच्या सुमारास आपल्याकडे फुटबॉलचा हंगाम चालूच असतो. २०२१ पासून टीएचसी, कोकेन, हेरॉइन आणि एक्स्टसी या चौघांसाठी नियम असा: सामन्याच्या काळाबाहेर घेतलं आणि खेळाशी त्याचा संबंध नव्हता हे सिद्ध केलं, तर तीन महिने, मान्यताप्राप्त उपचार कार्यक्रम पूर्ण केला तर एक महिना. हे नियम आधी असते तर पेरूचा कर्णधार पाओलो गेरेरो याची फरफट टळू शकली असती. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच्या नमुन्यात कोकेनचा अंश सापडला. फिफाने आधी एक वर्ष दिलं, अपिलात सहा महिने केले, मग वाडाही कासमध्ये गेली आणि तिथे ते चौदा महिने झाले. शेवटी स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली म्हणून तो २०१८ चा विश्वचषक खेळला. अपील केलं की शिक्षा कमीच होते असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं. समोरचा पक्षही अपील करू शकतो.

ठावठिकाण्याचा नियम भारतात थोड्याच फुटबॉलपटूंना लागू होतो, पण ज्यांना होतो त्यांना तो जाचतो. चाचण्यांसाठीच्या नोंदणीकृत गटातल्या खेळाडूने दर तिमाहीची माहिती आगाऊ भरायची, आणि रोज पहाटे ५ ते रात्री ११ यांमधला एक तास निवडून त्या वेळी नेमका कुठे असेन ते सांगायचं. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की बंदी दोन वर्षं, चूक कमी असेल तर एक वर्षापर्यंत. २००९ मध्ये फिफा आणि युएफा दोघांनीही याला कडाडून विरोध केला होता. सांघिक खेळात खेळाडू रोज सरावाला येतो, तिथेच गाठा ना, असं त्यांचं म्हणणं. व्यवहारात चुका होतात त्या सरावाची वेळ बदलल्यावर. क्लब व्हॉट्सॲपवर नवी वेळ टाकतो, पण ज्या प्रणालीत माहिती भरायची तिथे कोणी बदल करत नाही. हे काम क्लबने केलं तरी जबाबदारी खेळाडूचीच राहते.

बंदी म्हणजे नुसते सामने नाहीत, क्लबसोबत सरावही बंद, क्लबची जिमही बंद. सवलत एवढीच की शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चतुर्थांश, यांतला जो कमी असेल तेवढा काळ आधी सरावाला परत येता येतं. पोग्बाची अठरा महिन्यांची बंदी ११ सप्टेंबर २०२३ पासून मोजली, ती मार्च २०२५ मध्ये संपली. चतुर्थांश म्हणजे साडेचार महिने, त्यापेक्षा दोन महिने कमी, म्हणून सरावाची मुभा जानेवारी २०२५ पासून. एव्हाना युव्हेंटसने करार संपवला होता. ओनानाच्या नऊ महिन्यांचा चतुर्थांश सव्वा दोन महिने, त्यापेक्षाही दोन महिने कमी, म्हणजे त्यालाही दोनच. सहा महिन्यांच्या बंदीला मिळतो दीड महिना. संघाचे गुण एकट्यादुकट्या खेळाडूमुळे कापले जात नाहीत. एकाच संघातले दोनपेक्षा जास्त सापडले तरच संघावर कारवाई होते.

शेवटचा मुद्दा क्लबच्या डॉक्टरांसाठी आणि फिजिओंसाठी. बंदी असलेल्या पदार्थांची नवी यादी दर वर्षी १ जानेवारीला लागू होते, म्हणजे आपल्या फुटबॉल हंगामाच्या ऐन मध्यावर. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी १ जानेवारी २०२४ पासून सामन्याच्या काळात बंदीत आली. सप्टेंबर २०२३ ते मे २०२४ अशा चाललेल्या इंडियन सुपर लीगच्या एकाच हंगामात ती डिसेंबरमध्ये चालत होती आणि जानेवारीत नाही. चरबी घटवणाऱ्या सप्लिमेंटमधलं हायजेनामिन यादीत नाव घेऊन नव्हतं म्हणून लिव्हरपूलचा ममादू साखो २०१६ मध्ये सुटला. २०१७ च्या यादीत ते नाव आलं, ती पळवाट बुजली. वाडा पुढच्या वर्षाची यादी काही महिने आधीच जाहीर करते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात किटबॅगमधलं प्रत्येक औषध तिच्याशी ताडून बघा, नाडाच्या 'नो युअर मेडिसिन' ॲपवर घटकाचं नाव टाकून बघा. ब्रँडचं नाव टाकू नका, कारण एकाच ब्रँडच्या साध्या, 'प्लस' आणि 'एलएस' आवृत्त्यांत घटक वेगळे असतात. जे बसत नाही ते बॅगेतून काढा, आणि काढल्याची तारीख नोंदवहीत लिहा.